गाठी किती? पाने ठरवतात!

नंदुरबारच्या शिवारातल्या तूर-सोयाबीनच्या मुळांवर गाठी असतात. त्यांतले जिवाणू हवेतले नत्र पिकाला देतात आणि पिकाची साखर खातात. म्हणूनच गाठींवर लगाम हवा.

• निरोप वर : गाठी धरू लागताच मुळांतून सूक्ष्म पेप्टाइड पानांपर्यंत चढते.

• हुकूम खाली : एरवी पानांतून मुळांकडे जाणारा ‘एमआयआर२१११’ हा रेणू गाठींना मोकळीक देतो. निरोप पोहोचताच हा रेणू घटतो आणि नव्या गाठी थांबतात. हा दुवा २०१८मध्ये उलगडला.

• लगाम सुटला तर : पानांतला निरोप टिपणारा ग्राही (रिसेप्टर) निकामी असलेल्या सोयाबीनला बेसुमार गाठी येतात.

• शेतात पाहा : फुलोऱ्याच्या सुमारास गाठ कापा. आत लालसर-गुलाबी रंग दिसला तर ती कामाची. जास्त नत्रानेही गाठी घटतात. युरिया जपून टाका.