रक्ताची साक्ष

डहाणू व तलासरी या तालुक्यांतील मुलांना चिकूची वाडी नवी नाही. पण चिकूच्या कलमी झाडाचे मूळ बहुधा चिकूचे नसते, हे ठाऊक आहे काय? रायण म्हणजे खिरणी. तिच्या रोपावर चिकूची फांदी बांधतात. दोघांचे कूळ एकच. म्हणून ती एकजीव होऊन वाढतात.

माणसाच्या निकामी हृदयाच्या जागीही मृत दात्याचे हृदय बसविता येते. यास हृदयरोपण म्हणतात. ३ डिसेंबर १९६७ रोजी केपटाउन येथे डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी एका माणसाचे हृदय दुसऱ्यास प्रथम बसविले. फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी तसा प्रयत्न केला. मुंबईचा रोगी काही तासच जगला. केपटाउनचा १८ दिवस जगून न्युमोनियाने दगावला.

शरीर हे झाडाहून अधिक सावध असते. रक्तातील पांढऱ्या पेशी परक्या हृदयास शत्रू समजून त्यावर हल्ला करतात. त्यांना आवरण्यासाठी औषधे द्यावी लागतात. औषध कमी पडले, तर हृदय धोक्यात येते. अधिक झाले, तर रोगजंतूंचे फावते. मग प्रमाण योग्य आहे की नाही, हे कसे कळावे?

त्यासाठी मानेच्या शिरेतून बारीक नळी हृदयात नेऊन स्नायूचा कण काढतात व सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. ही रीत आजही आहे. परंतु आता रक्ताचीही साक्ष काढता येते. हृदयाच्या स्नायूस इजा झाली, की ट्रोपोनिन नावाचे प्रथिन रक्तात उतरते. शिवाय नव्या हृदयाच्या पेशींत दात्याचा डीएनए असतो. पेशी मोडल्या, की त्याचे तुकडे रोग्याच्या रक्तात मिसळतात. थोडे तुकडे नेहमीच आढळतात. ते वाढले, तर इजेची शंका येते. मात्र ही साक्ष इजा सांगते, कारण सांगत नाही. ते डॉक्टरांना इतर तपासण्यांवरून ठरवावे लागते.

पुष्कळदा रोग्यास काहीच त्रास जाणवत नाही, आणि आत हल्ला सुरू झालेला असतो. म्हणून बरे वाटत असतानाही त्याने वेळच्या वेळी तपासणी करून घ्यावी आणि औषध चुकवू नये. ते हृदय दुसऱ्याने दिलेली ठेव आहे. ती जिवापाड जपली पाहिजे.