लूप, सॉर्ट आणि 96 रिकाम्या फाइल्स

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टच्या वेळी माझ्याकडे तापमान नोंदवणाऱ्या लॉगरच्या 96 फाइल्स होत्या. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला तारीख-वेळ, पण काही ओळी मागेपुढे झालेल्या. एकेक फाइल उघडत बसण्यापेक्षा शेलमध्ये लूप लिहिला. एंटर दाबलं, क्षणात काम संपलं. एकही एरर नाही. आणि 96 च्या 96 फाइल्स शून्य बाइटच्या!

लूप असा होता (इथे देवनागरीत लिहितेय, तुम्ही अर्थातच रोमनमध्ये टाइप करा):

फॉर एफ इन *.सीएसव्ही
डू
    सॉर्ट "$एफ" > "$एफ"
डन

पहिल्या ओळीतल्या *.सीएसव्ही च्या जागी शेल त्या फोल्डरमधल्या सगळ्या सीएसव्ही फाइल्सची नावं भरतं. मग एकेक नाव एफ या व्हेरिएबलमध्ये ठेवून डू आणि डन यांच्या मधलं काम करतं. एफ मधलं नाव वापरायचं असेल तिथे आधी $ लावायचा. लूप म्हणजे एवढंच. (इफचा शेवट फि, केसचा शेवट एसॅक, मग डूचा शेवट ओडी का नाही? कारण युनिक्समध्ये ओडी नावाची कमांड आधीच होती.)

मग चुकलं कुठे? मला वाटलं होतं, सॉर्ट आधी फाइल वाचेल, ओळी लावेल आणि मग परत लिहील. पण > ही खूण सॉर्टपर्यंत पोचतच नाही. ती शेलची आहे. शेल ती बघतं, उजवीकडची फाइल लिहिण्यासाठी उघडतं, म्हणजे आतलं सगळं पुसतं, आणि त्यानंतर सॉर्टला सुरू करतं. सॉर्ट बिचारं रिकामी फाइल वाचतं, रिकामंच उत्तर देतं. त्याच्या दृष्टीने काहीच बिघडलं नाही, म्हणून एररही नाही. हाताने केलं असतं तर पहिल्याच फाइलला लक्षात आलं असतं. लूप थांबून विचारत नाही.

$एफ भोवतीचे अवतरण चिन्हही शेलसाठीच असतात. ते काढले आणि फाइलचं नाव 'जून 01.सीएसव्ही' असं मध्ये जागा सोडून असलं, तर सॉर्टला 'जून' आणि '01.सीएसव्ही' अशी दोन वेगळी नावं मिळतात.

लूप चालवण्याआधी कमांडच्या पुढे इको लावून बघा, असं सगळे सांगतात. सल्ला चांगला आहे, पण इथे त्यात एक खड्डा आहे. नुसतं इको सॉर्ट "$एफ" > "$एफ" असं लिहिलंत, तरी > शिल्लकच आहे! या वेळी फाइल पुसली जाऊन तिच्यात इकोचं वाक्य जाऊन बसेल. सगळी ओळ एकाच अवतरणात घ्यायला हवी:

    इको "सॉर्ट $एफ > $एफ"

आता > हे नुसतं अक्षर राहतं, आणि स्क्रीनवर ओळी दिसतात: सॉर्ट जून_01.सीएसव्ही > जून_01.सीएसव्ही. दोन्ही बाजूंना तेच नाव! हे मी तेव्हा बघितलं असतं तर...

सॉर्टला -ओ हा पर्याय आहे, त्याने त्याच फाइलमध्ये सुरक्षितपणे लिहिता येतं. तरी मी तो कच्च्या डेटावर वापरत नाही. आधी एमकेडीआयआर ने 'सॉर्टेड' नावाचं फोल्डर करते आणि लूपमधली ओळ अशी लिहिते:

    सॉर्ट "$एफ" > "सॉर्टेड/$एफ"

आणि डेटा कॉपी केल्या केल्या, कुठलाही लूप लिहिण्याआधी, सीएचमॉड ए-डब्ल्यू *.सीएसव्ही. यामुळे फाइल्सवर लिहिण्याची परवानगीच जाते. मग माझा जुना लूप चालवला तरी शेल 'परमिशन डिनाइड' म्हणून अडतं, फाइल शाबूत राहते.

त्या 96 पैकी 81 फाइल्स एका मैत्रिणीच्या पेनड्राइव्हवर सापडल्या. उरलेल्या 15 दिवसांच्या जागी माझ्या आलेखात अजूनही फट आहे.