आठवण गेली तरी जवळीक हवी असते



बचत गटाच्या बैठकीत हिशेब झाला, वह्या मिटल्या की आम्ही घरचं बोलायला लागतो. "मामंजी माझा हात सोडत नाहीत." "आत्याबाई चारचौघांत लुगडं सोडतात." हे सारं दबक्या आवाजात. आज आम्ही तेच उघड बोलणार आहोत.

स्मृतिभ्रंश हा मेंदूचा आजार आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार आपल्या देशात साठीपुढच्या दर शंभरांत सुमारे सात जणांना तो आहे. त्यात बहुधा अलीकडचं आधी विसरतं, जुनं बराच काळ टिकतं. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी गाव नव्या जागी वसलं. पण अशा आजोबांच्या मनात जुनं घर आणि तरुण बायकोच असू शकते. मग ते सुनेलाच बायको समजतात. मेंदूचा लगाम घालणारा भाग बिघडला, तर कुठं कसं वागावं हेही कळत नाही. लुगडं सोडण्यामागं कधी उकाडा असतो, कधी लघवीची घाई.

अशा वेळी ओरडू नका, हसू नका. हात हळूच सोडवा. "मामंजी, मी तुमची सून," असं शांतपणे सांगा. शेंगा फोडायला द्या. पण आजार आहे म्हणून सुनेनं सोसायचं, असं मुळीच नाही. आजोबांची आंघोळ, कपडे घरातल्या पुरुषानं बघावं. लेकरांना त्यांच्याजवळ एकटं सोडू नये.

नवरा-बायकोचं काय? हात हातात घेणं, डोक्याला तेल लावणं, शेजारी निजणं यानं आजारी माणूस शांत होतो. "या वयात शोभतं का" म्हणत त्यांच्या खाटा वेगळ्या करू नका. मात्र आजारी माणसाची मर्जी दर वेळी बघावी लागते. अंग आखडलं, तोंड फिरवलं, तर ते नकोच समजा. सांभाळणाऱ्या बायकोला नको वाटलं, तर तिचंही ऐकलं पाहिजे. नवरा आता लेकरासारखा वाटतो, असं ती म्हणाली तर तिला दोष देऊ नका.

वागणं एकाएकी बदललं तर लघवीतला जंतुसंसर्ग किंवा एखादं औषधही कारण असतं. डॉक्टरांना न लाजता सगळं सांगा. मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६ आणि ज्येष्ठांसाठी १४५६७ हे सरकारी क्रमांक मोफत आहेत. वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.