‘साखर कमी झाली’ : बालमधुमेह आणि घरातील भाषा

मराठीत ‘मधुमेह’ ह्या एकाच शब्दाखाली दोन भिन्न विकार वावरतात. बहुधा प्रौढ वयात जडणाऱ्या दुसऱ्या प्रकारात शरीरात इन्सुलिन तयार होते, परंतु ते पुरे पडत नाही. प्रायः बालपणी प्रकट होणाऱ्या पहिल्या प्रकारात शरीराची प्रतिकारयंत्रणाच स्वादुपिंडातील इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशींचा नाश करते; बाहेरून इन्सुलिन दिल्यावाचून मूल जगू शकत नाही. १९२१ साली टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट ह्यांनी इन्सुलिन वेगळे काढले आणि जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्प्सन ह्या १४ वर्षांच्या मुलास ते टोचण्यात आले. त्यापूर्वी अशा मुलांवर इलाज नव्हता. विकार दोन आणि नाव एक, ह्याचे परिणाम शेवटी घरातील बोलण्यात उतरतात.

भिवंडीचे उदाहरण घ्यावे. यंत्रमागांच्या ह्या शहरात मराठी, उर्दू, हिंदी व तेलुगू भाषा शेजारी-शेजारी नांदतात. मराठी घरात ‘साखरेचा आजार’, हिंदी-उर्दू घरात ‘शुगर’, तेलुगू विणकराच्या घरात ‘चक्केर व्याधि’. भाषा बदलली तरी नाव साखरेवरूनच पडते. नावातून कारण काढण्याची लोकांची रीत असल्यामुळे ‘गोड फार दिले’ असा ठपका आईवर येतो. जुनी परिभाषाही येथे उपयोगी पडत नाही. सुश्रुताने प्रमेहाचे ‘सहज’ व ‘अपथ्यनिमित्तज’ असे दोन भेद केले. पहिल्यात दोष मातापित्यांच्या बीजाचा, दुसऱ्यात आहारविहाराचा. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात आनुवंशिकतेचा काही वाटा असला, तरी तो आईबापांचा अपराध नव्हे; आणि गोड खाणे हे तर त्याचे कारणच नव्हे.

ह्याहून घातक घोटाळा ‘साखर कमी झाली’ ह्या वाक्यात आहे. ज्या घरात आजोबांना मधुमेह आहे, तेथे हे वाक्य समाधानाने उच्चारले जाते. इन्सुलिन घेणाऱ्या मुलाच्या बाबतीत मात्र तीच धोक्याची सूचना असते. रक्तशर्करा ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की घाम, थरथर, चिडचिड, गुंगी ही लक्षणे दिसू लागतात. मूल शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर डॉक्टरांनी नेमून दिलेल्या प्रमाणात ग्लुकोज किंवा साखरपाणी ताबडतोब द्यावे व १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. बेशुद्ध असल्यास तोंडाने काहीही न घालता तत्काळ रुग्णालय गाठावे. आईबाप पाळीवर गेले असता मूल आजीजवळ वा शेजारणीजवळ राहते. ‘ह्याला साखर वर्ज्य’ एवढेच तिला ठाऊक असेल, तर ऐन वेळी तिचा हात साखरेच्या डब्याकडे जाणार नाही.

‘सवय’ हा शब्दही असाच फसवा आहे. ‘इन्सुलिनची सवय लागेल’ ह्या भीतीने घरचे लोक सुई टाळू पाहतात. ज्याची शरीरात निर्मितीच थांबली, ते बाहेरून देणे ही सवय नव्हे, ती गरज होय. तापात मूल जेवले नाही म्हणून इन्सुलिन बंद ठेवणे, हा लंघनाच्या जुन्या समजुतीचाच विस्तार. आजारपणात मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्याने बदलता येते. इन्सुलिन पूर्णपणे थांबविल्यास रक्तात आम्ले साचून मुलाच्या जिवावर बेतते.

तीन-चार वर्षांच्या मुलाची अडचण आणखी निराळी. त्याच्यापाशी ह्या अवस्थेसाठी शब्दच नसतो. ते ‘भूक लागली’ म्हणते, ‘पाय लटपटतात’ म्हणते किंवा नुसतेच रडते. म्हणून मुलाच्या तोंडी सहज येणारा एखादा शब्द आईबापांनी ठरवावा आणि तोच आजीला, शेजारणीला व बालवाडीच्या बाईंना सांगून ठेवावा. ‘ऐकले नाहीस तर सुई टोचीन’ हा घरोघरचा धाक मात्र येथे सोडावाच लागतो. जी सुई ह्या मुलाला दिवसातून अनेकदा घ्यावयाची आहे, ती शिक्षा ठरली तर प्रत्येक वेळी झटापट होणार.

म्हणून निदानाच्या दिवशी घरच्यांस मात्रेबरोबर भाषाही समजावून द्यावयास हवी, आणि तीही त्या घराच्या भाषेत. ‘साखर कमी झाली’ हे वाक्य आजोबांविषयी काय सांगते व नातवाविषयी काय, हा भेद घरातील प्रत्येक मोठ्या माणसाला न अडखळता सांगता आला पाहिजे. कारण रात्रपाळीच्या वेळी मुलाजवळ त्यांपैकी कोण असेल, हे आधी सांगता येत नाही.