खासगी प्रकटीकरण आणि धर्मसिद्धान्त : कॅथलिक व मॉर्मन विचारांची तुलना

आपणास ईश्वराचा प्रत्यक्ष संदेश मिळाला, अशी एखाद्या व्यक्तीची दृढ श्रद्धा असेल, तर तो संदेश इतरांवर बंधनकारक मानावा काय, हा प्रश्न ग्रंथप्रामाण्य मानणाऱ्या प्रत्येक धर्मसंस्थेपुढे केव्हा ना केव्हा उभा राहतो. मानावा म्हटले, तर प्रत्येक द्रष्टा नवा शास्त्रकार होऊन बसतो. मानू नये म्हटले, तर एके काळी माणसांशी बोलणारा ईश्वर आता मुका झाला की काय, अशी शंका उत्पन्न होते. ख्रिस्ती परंपरेतून निघालेल्या दोन संस्थांनी, म्हणजे रोमन कॅथलिक ख्रिस्तसभेने व अमेरिकेतील मॉर्मन पंथाने, या पेचाची उकल दोन भिन्न मार्गांनी केली आहे. त्या मार्गांचे स्वरूप, विशेषतः त्यांत योजिलेल्या भाषेच्या आधारे, स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम परिभाषेविषयी थोडेसे. मराठीत अशा अनुभवास 'साक्षात्कार' व 'दृष्टान्त' असे दोन शब्द रूढ आहेत. दोहोंतही भर अनुभव घेणाऱ्यावर पडतो. मराठी बायबलच्या शेवटच्या पुस्तकाचे नाव असलेला 'प्रकटीकरण' हा शब्द येथे अधिक सोयीचा आहे, कारण त्यात कर्ता ईश्वर असून, प्रकट झालेला आशय महत्त्वाचा ठरतो. 'खासगी' या विशेषणाचा अर्थही जपून घेतला पाहिजे. खासगी म्हणजे गुप्त असे येथे समजावयाचे नाही. कोट्यवधी लोकांना ठाऊक असलेला संदेशही कॅथलिक परिभाषेत खासगीच राहतो. 'सार्वजनिक' म्हणजे सर्वांवर बंधनकारक. मॉर्मन पंथाविषयी सांगावयाचे तर, २०१८ पासून त्या संस्थेने आपले 'येशू ख्रिस्ताची उत्तरकालीन संतांची ख्रिस्तसभा' या अर्थाचे पूर्ण नावच वापरले जावे असा आग्रह धरला आहे. येथे केवळ सोयीसाठी परिचित नाव योजिले आहे.

आपल्या व्याकरणात क्रियापदाचे स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ व संकेतार्थ असे चार अर्थ मानले जातात. द्रष्ट्याचे मूळ निवेदन बहुधा स्वार्थी असते : 'मी पाहिले', 'मी ऐकले'. या स्वार्थातून इतरांसाठी 'माना' हा आज्ञार्थ कोणाच्या अधिकाराने निघतो, हाच आपल्या विषयाचा गाभा होय.

१. कॅथलिक मत

कॅथलिक मताप्रमाणे सार्वजनिक प्रकटीकरण ख्रिस्तामध्ये पूर्ण झाले व प्रेषितांच्या काळाबरोबर समाप्त झाले. ते प्रेषितांबरोबर पूर्ण झाले नव्हते, हे मत रोमने १९०७ साली त्याज्य ठरविले. आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये, ख्रिस्ताच्या पुनरागमनापूर्वी नवे सार्वजनिक प्रकटीकरण अपेक्षिता येत नाही, असे पुन्हा सांगितले. यापुढे जे घडावयाचे ते मूळ ठेव्याचे विवरण. त्यात भर नव्हे.

मग मध्ययुगापासून आजपर्यंतच्या शेकडो दर्शनांचे काय? याचे अभिजात उत्तर प्रॉस्पेरो लाम्बेर्तिनी याने, पुढे तो चौदावा बेनेडिक्ट या नावाने पोप होण्यापूर्वी, संतपदाच्या निर्णयपद्धतीवरील आपल्या बृहद्ग्रंथात १७३४ ते १७३८ या काळात दिले. मान्यता पावलेल्या खासगी प्रकटीकरणासही दैवी श्रद्धेची संमती देता येत नाही. विवेकाच्या नियमांनुसार केवळ मानवी विश्वास ठेवता येतो, असे त्याचे प्रतिपादन आहे. अशी संमती सबळ कारणाने व विनयाने न दिल्यास भाविकाच्या श्रद्धेस बाध येत नाही.

लूर्द येथील घटना या दृष्टीने उद्बोधक आहे. १८५८ साली बर्नादेत सुबिरू या १४ वर्षांच्या मुलीस १८ वेळा दर्शन घडले. २५ मार्च रोजी दिसलेल्या स्त्रीने आपण 'निष्कलंक गर्भसंभव' आहोत, असे त्या मुलीच्या गास्कोन बोलीत सांगितले. मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाचा सिद्धान्त मात्र नवव्या पायसने १८५४ मध्येच, म्हणजे चार वर्षे आधी, घोषित केला होता. सिद्धान्त आधी, दर्शन नंतर. दर्शनाने सिद्धान्तास भक्तीचे बळ दिले, प्रामाण्य दिले नाही. १८६२ साली तार्बच्या बिशपांनी जो निर्णय दिला त्यात, दर्शन खरोखर घडले असे म्हणून, भाविकांनी ते निश्चित मानणे योग्य आहे असे नमूद केले. भाविकांपुरता येथील अर्थ योग्यतादर्शक विध्यर्थ आहे, आज्ञार्थ नाही.

२०२४ च्या मे महिन्यात व्हॅटिकनने प्रसिद्ध केलेल्या नव्या नियमांनी ही भाषा आणखी सौम्य केली. आता सामान्यतः एखादी घटना दैवी असल्याची घोषणा केली जात नाही. सर्वांत अनुकूल निर्णय 'निहिल ऑब्स्टाट' हा असतो. 'काहीही आड येत नाही' असा त्या लॅटिन शब्दांचा अर्थ असून, आपल्या कचेऱ्यांतील 'ना हरकत' हा शब्दप्रयोग त्यास नेमका जुळतो. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मेजुगोरिए येथील भक्तीस असाच निर्णय मिळाला. दर्शनांच्या दैवीपणाविषयी त्यात ग्वाही नाही.

याचा अर्थ खासगी प्रकटीकरण निष्फळ असते असा नव्हे. पोलंडमधील भगिनी फाउस्तिना कोवाल्स्का हिने पुरस्कारिलेल्या दैवी करुणेच्या भक्तीवर रोमने १९५९ मध्ये बंदी घातली, १९७८ मध्ये ती उठविली, आणि २००० साली फाउस्तिनास संतपद देऊन पुनरुत्थानाच्या सणानंतरच्या रविवारास दैवी करुणेचे नाव दिले. उपासनेचे पंचांग बदलले. सिद्धान्तांच्या यादीत मात्र एका ओळीचीही भर पडली नाही.

२. मॉर्मन मत

मॉर्मन पंथाचा आरंभच प्रकटीकरण समाप्त झालेले नाही या प्रतिज्ञेने झाला. जोसेफ स्मिथ याने १८३० च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्क राज्यात ही संस्था स्थापिली. बायबलखेरीज मॉर्मनचा ग्रंथ, 'सिद्धान्त व करार' आणि 'अमूल्य मोती' हे तीन ग्रंथ तेथे प्रमाण आहेत. मॉर्मनच्या ग्रंथाची सत्यता प्रत्येक वाचकाने प्रार्थनेने ईश्वरासच विचारावी, असे आवाहन त्या ग्रंथातच आहे. म्हणजे खासगी प्रकटीकरण येथे अपवादात्मक नसून प्रत्येक अनुयायाकडून अपेक्षित आहे.

परंतु दार सर्वांना उघडे ठेवल्याने अडचणही लगेच उद्भवली. त्याच वर्षी हायरम पेज नावाचा अनुयायी एका खड्याच्या साहाय्याने संस्थेच्या रचनेविषयी संदेश मिळवू लागला, आणि स्मिथचा निकटचा सहकारी ऑलिव्हर काउडरी याचाही त्यांवर विश्वास बसला. यावर स्मिथने जे प्रकटीकरण दिले ते 'सिद्धान्त व करार' या ग्रंथाचे २८ वे प्रकरण होय. संपूर्ण संस्थेसाठी आदेश स्वीकारण्याचा अधिकार एकट्या स्मिथचा. काउडरीस आत्म्याच्या प्रेरणेने बोलता येईल, पण त्याने लिहावयाचे ते आज्ञा म्हणून नव्हे, शहाणपण म्हणून, असा त्याचा आशय आहे. क्रियापदाच्या अर्थांची याहून स्पष्ट वाटणी क्वचितच आढळेल. सप्टेंबरमधील सभेत पेजसह सर्वांनी त्या खड्याचा त्याग केला.

तेव्हापासून नियम असा की, प्रत्येकास आपापल्या अधिकारकक्षेपुरते प्रकटीकरण मिळते : व्यक्तीस स्वतःसाठी, आईबापांस कुटुंबासाठी, अध्यक्षास सर्वांसाठी. अध्यक्षाचे प्रत्येक वचनही सिद्धान्त ठरत नाही. ब्रिगम यंगने १८५२ पासून आदाम व ईश्वर यांच्या ऐक्याविषयी जे शिकविले, ते १९७६ मध्ये अध्यक्ष स्पेन्सर किंबल यांनी स्पष्टपणे नाकारले. उलट, जोसेफ एफ. स्मिथ यांना १९१८ साली झालेले मृतांच्या उद्धाराचे दर्शन १९७६ मध्ये परिषदेच्या संमतीने प्रमाण ग्रंथांत दाखल झाले. एकाचे दर्शन धर्मग्रंथ व्हावयास ५८ वर्षे व सभेचे उंचावलेले हात लागले.

३. तुलना व तात्पर्य

दोन्ही संस्था ईश्वर आजही व्यक्तीशी बोलतो असे मानतात, आणि द्रष्ट्याची स्वतःची खात्री दोहोंसही पुरेशी वाटत नाही. भेद सीमारेषेच्या जागेत आहे. कॅथलिकांनी ती काळात आखली : प्रेषितांचे युग संपले, आज्ञार्थ संपला. मॉर्मनांनी ती पदात आखली : आज्ञार्थ जिवंत आहे, पण त्याचा उच्चार एकाच आसनावरून व्हावयाचा. म्हणूनच एक साधी मुलगी कॅथलिक जगाची भक्ती बदलू शकते, सिद्धान्त बदलू शकत नाही. आणि मॉर्मन पंथात सिद्धान्तही बदलू शकतो, परंतु सामान्य अनुयायाच्या दर्शनाने नव्हे.

हा भेद केवळ तात्त्विक नाही. १८५२ पासून आफ्रिकी वंशाच्या पुरुषांना मॉर्मन याजकपद नाकारले जात होते. अनेक अनुयायांना हे मनोमन अन्याय्य वाटत असूनही त्यांची खासगी प्रचीती नियम हलवू शकली नाही. १९७८ च्या जूनमध्ये किंबल व त्यांचे सहकारी यांना प्रकटीकरण झाल्याचे जाहीर झाले, तेव्हा शतकाहून अधिक काळचा निर्बंध एका पत्राने उठला. सप्टेंबरमधील परिषदेने त्यास संमती दिली. कॅथलिक संस्थेत असा बदल नव्या प्रकटीकरणाच्या नावाने होऊच शकत नाही; तेथे तो जुन्या वचनाचा अर्थ उलगडला, अशा भाषेत मांडावा लागतो. जेथे ठेवा बंद आहे तेथे भाष्यकाराची वाट पाहावी लागते, जेथे तो उघडा आहे तेथे अधिकाऱ्याची. ज्याच्या अंतःकरणात प्रथम आवाज उमटला, त्याला मात्र दोन्हीकडे थांबावे लागते.