बशीतली नोट नेमकी कोणाची?

चेन्नईच्या नुंगंबाक्कममध्ये एक रस्ता आहे. जुनी माणसं त्याला अजून नुंगंबाक्कम हाय रोड म्हणतात, पाटीवर उत्तमर गांधी सालै लिहिलेलं असतं. या रस्त्यावर 1974 पासून ताज कोरोमंडल हे पंचतारांकित हॉटेल उभं आहे. त्याच रस्त्यावर आयकर भवन आहे. त्याच रस्त्यावर जीएसटी भवनही आहे. मधूनमधून इडली-डोशाची टिफिन हॉटेलं आहेत, तिथं कॉफी अजून पितळी डबऱ्यातून येते.

आता या रस्त्यावरच्या कुठल्याही हॉटेलात तुम्ही जेवलात आणि बिलाच्या फोल्डरमध्ये किंवा बडीशेपेच्या बशीत पाचशेची नोट ठेवून उठलात असं समजा. ती नोट आता कोणाची? वेटरची, हे काय विचारणं झालं? पण थांबा. ती त्याचा पगार आहे का? बक्षीस आहे का? तुम्ही दिलीत की मालकानं दिली? हसू नका. या प्रश्नांसाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला बसावं लागलं आहे.

वेटरला किती मिळतं, असं विचारलं की लोक पगाराचा आकडा सांगतात. तो आकडा खरा असतो, पण अर्धाच. हॉटेलातला वाढपी ही आपल्या आसपासची एक अजब असामी आहे: त्याच्या कमाईचा एक भाग मालक ठरवतो आणि दुसरा भाग रोज बदलणारी अनोळखी माणसं ठरवतात, तीही पोट भरल्यावर.

आधी मालकाचा भाग पाहू. तमिळनाडूत हॉटेल कामगारांसाठी सरकार किमान वेतन ठरवून देतं. 1948 च्या किमान वेतन कायद्याखाली ही पद्धत रुजली. तो कायदा आता 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या वेतन संहितेत सामावला गेला आहे. या वेतनाचे दोन तुकडे: मूळ वेतन आणि महागाई भत्ता. यातल्या भत्त्याची गंमत बघा. तो चेन्नई शहराच्या ग्राहक किंमत निर्देशांकाला बांधलेला असतो आणि दरवर्षी एप्रिलपासून नव्यानं लागू होतो. म्हणजे कोयंबेडूच्या मंडईत टोमॅटो, कांदा, तूरडाळ महागली की तिची नोंद कुठंतरी होते, सरासरी निघते आणि तिचा परिणाम पुढच्या आर्थिक वर्षात सांबार वाढणाऱ्याच्या पगारात उतरतो. सांबार मात्र त्याच दिवशी महाग झालेलं असतं.

आता अनोळखी माणसांचा भाग. इथं माझं डोकं खरंच चक्रावतं. वरवर वाटतं, पंचतारांकित हॉटेलातला स्टुअर्ड टिपांमध्ये लोळत असणार आणि टिफिन हॉटेलातल्या सप्लायरच्या हाती चिल्लर. चला, हिशेब मांडू. आकडे माझ्या कल्पनेतले आहेत, पण गणित खरं आहे.

टिफिन हॉटेलात एका सप्लायरकडे सहा टेबलं. डोसा खाऊन, कॉफी पिऊन गिऱ्हाईक अर्ध्या तासात उठतं. गर्दीच्या चार तासांत प्रत्येक टेबल आठ वेळा भरतं. सहा आठे अठ्ठेचाळीस बिलं. प्रत्येकानं दहाची नोट ठेवली तर 480 रुपये. ते त्याचेच, वर राहण्याची आणि दोन वेळच्या जेवणाची सोय बहुतेक ठिकाणी मालकाकडे.

आता मोठ्या हॉटेलातलं रेस्टॉरंट. रात्रीत 33 टेबलं झाली, प्रत्येकानं सरासरी पाचशे ठेवले. जमले 16,500. पण हे पैसे ज्याच्या हाती आले त्याच्या खिशात जात नाहीत. ते एका सामायिक पेटीत पडतात आणि पेटी पॉइंटांवर फुटते. समजा कॅप्टनला तीन पॉइंट, स्टुअर्डला दोन, मदतनीसाला एक. पाच कॅप्टन, पंधरा स्टुअर्ड, दहा मदतनीस. एकूण पॉइंट 55. एका पॉइंटला तीनशे रुपये. कॅप्टनला 900, स्टुअर्डला 600, मदतनीसाला 300.

पाहिलंत? एका बाजूला दहा-दहाच्या नोटा, दुसऱ्या बाजूला पाचशेच्या. आणि रात्र संपताना 480 विरुद्ध 600! बिलाच्या आकारातली तफावत टेबल किती वेळा फिरतं आणि पेटीत किती वाटेकरी आहेत या दोन गोष्टींनी जवळजवळ गिळून टाकली. (पगार, सुट्ट्या, विमा यांत मोठं हॉटेल पुढेच असतं, ते वेगळं.) पेटीची पद्धत अन्यायाची वाटली तर भांडी घासणाऱ्याला विचारा. त्याला गिऱ्हाईक कधी बघतच नाही. बशी लख्ख असते म्हणून वेटरला टीप मिळते, आणि पेटीत वाटा असेल तरच तिच्यातलं काही त्याच्यापर्यंत पोचतं.

नोट रोख असेतोवर कोणी फारसे प्रश्न विचारले नाहीत. प्रश्न उभा राहिला तो क्रेडिट कार्डामुळे. गिऱ्हाईक कार्डाच्या पावतीवर जेवणाच्या रकमेखाली टिपेचा आकडा लिहू लागलं. पैसे आता हॉटेलच्या बँक खात्यात येणार, आणि तिथून हॉटेल ते कर्मचाऱ्यांना वाटणार. आयकर खात्याचे कान टवकारले. मालकाच्या हातून कामगाराला पैसे गेले, मग हा पगारच की! आणि पगार असेल तर मालकानं देतानाच कर का कापला नाही? दिल्लीतल्या हॉटेलांविरुद्ध प्रकरणं उभी राहिली. 2011 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं खात्याचं म्हणणं उचलून धरलं.

मग त्यातली एक हॉटेल कंपनी, आयटीसी, सर्वोच्च न्यायालयात गेली आणि 26 एप्रिल 2016 रोजी न्या. कुरियन जोसेफ आणि न्या. रोहिंटन नरिमन यांच्या पीठानं निकाल उलटवला. त्यामागचा युक्तिवाद इतका सुंदर आहे की तो हळूहळू चाखावा. पगार म्हणजे काय? मालकाकडून ज्यावर हक्क सांगता येतो ते. टिपेवर वेटर मालकाकडे हक्क सांगू शकतो का? नाही, कारण द्यायची की नाही, किती द्यायची, हे सर्वस्वी गिऱ्हाइकाच्या मर्जीवर. नोकरीच्या करारात ती कुठंच नाही. मग हॉटेलच्या खात्यात ते पैसे काय करत होते? नुसते थांबले होते. हॉटेल त्या पैशांचं मालक नव्हतंच, विश्वस्त होतं. शेजाऱ्याचं पार्सल आपल्या दारात ठेवलं म्हणून ते आपलं होत नाही, तसंच हे. वेटरसाठी ते उत्पन्न आहे, पण ‘इतर मार्गांनी मिळालेलं’. मालकानं त्यातून कर कापायचा नाही.

जगात सगळीकडे असं ठरलं असतं तर काय बिघडलं असतं? पण नाही. इंग्लंडमध्ये 1908 साली एक खटला झाला: रेल्वेच्या डायनिंग कारमधला एक वेटर कामावर असताना मरण पावला, भरपाई ठरवताना टिपा त्याच्या कमाईत धरायच्या का? न्यायालय म्हणालं, धरायच्या. घरच्यांचा फायदा झाला. पण त्याच देशात 1990 च्या दशकात, लंडनमधल्या स्ट्रँडवरच्या एका इटालियन रेस्टॉरंटच्या वेटरांच्या दाव्यात नेमका उलटा निकाल लागला: कार्डावरची टीप आधी मालकाची होते, म्हणून मालक ती देऊन किमान वेतन भागवू शकतो! वेटर युरोपीय मानवाधिकार न्यायालयापर्यंत गेले, 2002 मध्ये तिथंही हरले. 2009 मध्ये ब्रिटनला कायदा बदलून ही वाट बंद करावी लागली, आणि जमलेल्या टिपा पूर्णपणे कामगारांनाच द्यायच्या हे बंधन तर 1 ऑक्टोबर 2024 पासून आलं.

अमेरिकेत ही वाट अजूनही राजमार्ग आहे. तिथं केंद्रीय कायद्यानं टीप घेणाऱ्या कामगाराचा रोख दर 1991 पासून तासाला 2.13 डॉलरवर गोठलेला आहे. उरलेलं गिऱ्हाइकानं भरायचं, आणि ते कमी पडलं तरच मालकानं. फ्लोरिडात, जिथं डिस्ने वर्ल्डची भलीमोठी रिसॉर्टं आहेत, राज्यानं हा दर बराच वर नेला आहे: 30 सप्टेंबर 2025 पासून किमान 10.98 डॉलर. डिस्ने वर्ल्डच्या रेस्टॉरंटांत सहा किंवा अधिक माणसांच्या टेबलाला 18 टक्के टीप आपोआप लागते. आजी-आजोबा, आई-बाबा आणि मिकी माउसचे कान घातलेली दोन पोरं मिळून 400 डॉलरचं जेवली तर टीप 72 डॉलर. किमान दरानं मोजलं तर एका टेबलानं साडेसहा तासांची मजुरी दिली! त्यातला काही वाटा टेबल आवरणाऱ्यांना जातो, तरीही. अशा नोकरीत महत्त्वाचा प्रश्न एकच: मला कुठल्या वेळेची पाळी मिळाली?

भारतात टिपा दाखवून किमान वेतन कापायची सोय कायद्यात नाही, हे आपलं मोठं सुदैव. पण टीप पगार नाही या सुंदर तर्काला दुसरी धारही आहे. पगार नाही म्हणजे तिच्यावर भविष्य निर्वाह निधी नाही. कर्मचारी राज्य विमा योजनेतही ती वेतनात धरली जात नाही. आणि ग्रॅच्युइटी? समजा एखाद्याचं वेतन 15,000 आणि टिपांतून महिन्याला 12,000. पंचवीस वर्षं त्यानं ताटं वाढली. ग्रॅच्युइटी निघते शेवटच्या वेतनाच्या पंधरा-सव्विसांशाला वर्षांनी गुणून: सुमारे 2 लाख 16 हजार. टिपा धरल्या असत्या तर सुमारे 3 लाख 89 हजार. पावणेदोन लाखांच्या घरातली ही रक्कम त्यानं खरोखर कमावलेल्या पैशांची सावली आहे. फक्त ती पडतच नाही. घरकर्जाला गेला तर बँकवाला पगाराची स्लिप बघतो, बडीशेपेची बशी नाही.

मग हॉटेलांनी तोडगा काढला: टीप गिऱ्हाइकाच्या मर्जीवर सोडायचीच नाही, बिलातच सर्व्हिस चार्ज लावायचा. इथं जीएसटी दारात येऊन उभा राहतो. खोलीभाडं साडेसात हजारांच्या वर असलेल्या हॉटेलातल्या जेवणावर 18 टक्के जीएसटी आहे, टिफिन हॉटेलात 5. तुम्ही दहा हजारांचं जेवलात आणि उठताना खुशीनं हजार ठेवलेत तर त्या हजारावर जीएसटी शून्य. तेच हजार सर्व्हिस चार्ज म्हणून बिलात छापून आले तर त्यावर 180 रुपये सरकारला. पैसे तेवढेच, वेटर तोच, पनीरही तेच. फरक एवढाच की एकदा तुम्ही स्वतःहून दिलेत आणि एकदा तुमच्याकडून घेतले गेले.

आणि ‘घेतले गेले’ यावरच केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 4 जुलै 2022 रोजी बोट ठेवलं: सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावायचा नाही. त्याच महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयानं या सूचनांना स्थगिती दिली, आणि 28 मार्च 2025 रोजी त्याच न्यायालयानं त्या योग्य ठरवून हॉटेल संघटनांच्या याचिका फेटाळल्या. मला विचाराल तर गिऱ्हाईक म्हणून निकाल पटतो. फक्त एक विचित्र गोष्ट डोक्यातून जात नाही: बिलातला तो चार्ज हटवायला सांगताना आपण मालकाशी भांडतो आहोत असं वाटतं, आणि जिथं तो कामगारांत वाटला जात होता तिथं खिसा रिकामा होतो तो समोर हात मागे बांधून उभ्या असलेल्या माणसाचा.

एवढं सगळं होत असताना खरा भूकंप दुसरीकडेच झाला. आयटीसीचा निकाल यायच्या अवघे पंधरा दिवस आधी, 11 एप्रिल 2016 रोजी, मुंबईत रघुराम राजन यांच्या हस्ते यूपीआय सुरू झालं होतं. कार्डावरची टीप कोणाची हा वाद न्यायालय मिटवत होतं त्याच महिन्यात कार्डाचा काळच संपवायला निघालेली गोष्ट जन्माला आली! आता गिऱ्हाइकाच्या खिशात सुटे नाहीत, नोटाही नाहीत. बिल स्कॅन करून भरलं की बशीत ठेवायला काही उरतच नाही. 1,186 चं बिल झालं तर पूर्वी बाराशे देऊन चौदा रुपये सोडले जायचे. आता 1,186 च जातात, पैशापैशासह.

मग काही वेटरांनी शक्कल लढवली. मोबाइलच्या मागच्या कव्हरमध्ये स्वतःचा क्यूआर कोड चिकटवायचा, आणि गिऱ्हाईक खूश दिसलं की हळूच फोन उलटा धरायचा. टीप थेट त्याच्या खात्यात. ना विश्वस्त, ना पॉइंट. शिवाय बँकेच्या पासबुकात रोजच्या रोज उमटणारी कमाई, म्हणजे कर्ज मागताना दाखवायला पुरावा. कराची भीतीही फारशी नाही: नव्या करप्रणालीत 2025-26 पासून वर्षाला 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर भरावा लागत नाही, आणि मघाच्या उदाहरणातले वेतन नि टिपा मिळून 27 हजार बारा महिने मोजले तरी सव्वातीन लाखच होतात.

पेटीवाल्या हॉटेलात मात्र अशा फोनवर कॅप्टनची नजर असते. क्यूआरवर आलेले पन्नास रुपये पेटीत पडत नाहीत, आणि आत सिंकपाशी उभ्या असलेल्या पोराच्या एका पॉइंटाची किंमत तेवढी उतरते.