वाटसरूंची ओसरी

आमच्या गावच्या फाट्यावर एक धर्मशाळा आहे. आहे म्हणायचे, कारण चार खणांपैकी आता दोनच उभे आहेत. मांजरसुंब्याहून केजमार्गे अंबाजोगाईला जाताना ती तुमच्या नजरेला पडणारही नाही. पुढे टपऱ्या, वर पिंपळ आणि मध्ये कुठेतरी ती दगडी ओसरी.

लहानपणी मात्र आमचे जग तिथूनच सुरू व्हायचे. दसरा सरला की रात्री घुंगरांचा आवाज यायचा. ऊसतोडीला निघालेल्या बैलगाड्या धर्मशाळेपुढे सुटायच्या. तीन दगडांच्या चुली पेटायच्या आणि भाकरीचा वास थेट आमच्या अंगणात यायचा. एकदा आईने हातात दुधाचा तांब्या दिला नि म्हणाली, "ओसरीत बाळंतीण उतरलीय. तिला देऊन ये." कोण, कुठली, कोणाची, हे विचारायची तिची रीत नव्हती. पहाटे गाड्या निघून गेल्या. मागे राहिली फक्त राख.

बीड हा रस्त्यावर जगलेला जिल्हा. परळीला निजामाच्या राजवटीतच रेल्वे आली, पण जिल्ह्याचे ठाणे मात्र तिच्यावाचूनच राहिले. अहमदनगरहून, म्हणजे आताच्या अहिल्यानगरहून, आष्टीपर्यंत गाडी धावली ती 2022 मध्ये आणि खुद्द बीडला पोचली ती 2025 मध्ये. तोवर सारी भिस्त पायांवर, बैलांवर आणि मोटारींवर. शेगावची गजानन महाराजांची पालखी आणि मुक्ताबाईंची पालखी याच जिल्ह्यातून पंढरीला जातात. कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीला कार्तिकात पायी दिंड्या येतात. परळीला वैजनाथ आणि अंबाजोगाईला योगेश्वरी. इतकी माणसे चालणार म्हटल्यावर त्यांना वाटेत पाठ टेकायला जागा हवीच.

त्याआधी हवे पाणी. बीडहून सोलापूरच्या रस्त्याला लागले की काही किलोमीटरवर खजाना विहीर आहे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, मूर्तझा निजामशहाच्या अमदानीत, सलाबतखानाने ती बांधवली. कामासाठी आलेला सगळा खजिना तिच्यातच खर्ची पडला, म्हणून हे नाव, असे लोक सांगतात. जमिनीखालच्या भुयारांतून पाणी आणायचे आणि उताराने पुढे न्यायचे, अशी तिची रचना. दुष्काळाशी ज्यांचा जन्माचा संबंध, त्या मुलखात याहून मोठा खजिना कोणता?

पाण्याच्या आसऱ्याने सराया आणि धर्मशाळा उभ्या राहिल्या. औरंगाबादच्या, आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, पाणचक्कीवर दळण दळले जायचे ते दर्ग्यात उतरणाऱ्या फकीर-मुसाफिरांसाठी. आमच्या शेजारच्या जामखेड तालुक्यातल्या चौंडीत जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांनी परळीच्या वैजनाथ मंदिराचा जीर्णोद्धार केला आणि देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या. कोणाला ती सराई, कोणाला धर्मशाळा. आत शिरणाऱ्या वाटसरूला मात्र दोन्हीकडे छप्परच मिळायचे, आणि त्याचे बिल यायचे नाही.

मग मोटारी आल्या आणि मुक्कामाची गरज सरली. चार दिवसांची वाट चार तासांवर आली. मुक्कामाच्या जागी थांबा आला आणि धर्मशाळेच्या जागी हॉटेल. मांजरसुंब्याला रबडी खायला मीही थांबतो, आवडीने थांबतो. काळ बदलला म्हणून गळा काढण्यात अर्थ नाही. पण हॉटेलात खिसा पाहून बसायचे असते. ज्याचा खिसा रिकामा, त्याने कुठे बसावे?

हा प्रश्न मला फार उशिरा पडला, हे कबूल केले पाहिजे. रस्ता रुंद झाला तेव्हा धर्मशाळेचे दोन खण गेले. उरलेले पाडून तिथे गाळे काढावेत, गावाला भाडे येईल, असा विचार पारावर निघाला. चार शिकलेल्यांत माझी गणना, म्हणून मला विचारले. "पडीक जागा आहे, काढा गाळे," असे मीच म्हणालो होतो. पैशांची जुळणी झाली नाही म्हणून ते काम राहिले. धर्मशाळा वाचली ती गावाच्या गरिबीमुळे, माझ्या शहाणपणामुळे नव्हे.

गेल्या उन्हाळ्यात दुपारी फाट्यावर उतरलो. सावलीला म्हणून आत डोकावलो, तर ओसरीत एक बाई लेकराला मांडीवर घेऊन बसली होती. ट्रॅक्टरची वाट पाहत होती. कारखान्याचा हंगाम आटोपून परत निघालेली. बाहेर ऊन रणरणत होते, आत दगडाचा गारवा होता. मला एकदम तो दुधाचा तांब्या आठवला.

तेव्हापासून आम्ही काहीजण दर पावसाळ्याआधी तिथे जमतो. फार मोठे काम नव्हे. भिंतीत रुजलेली पिंपळाची रोपटी लहान असतानाच मुळासकट काढायची, कारण मूळ जाड झाले की ते दगड उचलते. छपरावरचे पाणी वाहते ठेवायचे. सांधे भरायचे ते चुन्याने. सिमेंटचा गिलावा दिसायला मजबूत, पण जुन्या भिंतीतली ओल तो आत कोंडतो आणि दगड आतून झिजतो. इमारतीचे मोजमाप आणि छायाचित्रे काढून ठेवली आहेत. ग्रामपंचायतीच्या दप्तरी जागेची नोंद नीट लावायची आहे. कागदावर जे नाही ते पाडायला वेळ लागत नाही.

तुमच्याही गावच्या वेशीवर अशी एखादी ओसरी असेल. पाटी नसेल, बांधणाऱ्याचे नाव कोणाला ठाऊक नसेल. येत्या सुट्टीत गावी गेलात तर मुलांना तिथे घेऊन जा आणि घटकाभर बसा. जमलेच तर पाण्याचा एक माठ भरून ठेवा. आमच्या धर्मशाळेत आम्ही तो ठेवला आहे. रोज संध्याकाळी तो रिकामा झालेला असतो.